गॅलरीच्या सळया

हे मी घरात बोललेलो नाही, स्टाफरूममध्ये तर नाहीच. बायकोला माझं बाकी सगळं ठाऊक आहे, डॉक्टरांनी बंद केलेली साखर मी कुठे खातो तेसुद्धा. पण हे नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर हिंमत झाली असती? शंकाच आहे. हिंमत हा माझा प्रांत कधीच नव्हता.

मी नेरूळला राहतो आणि जवळच्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिल शिकवतो. मुलं म्हणतात, सर फार कॉन्फिडंट आहेत. ते ऐकलं की मी विषय बदलतो.

माझं स्वतःचं शिक्षण सांडपाणी शुद्ध करण्यातलं. नोकरीला लागलो त्याच वर्षी काँक्रीटचं डिझाइन शिकवणारे सर सोडून गेले आणि सत्र तोंडावर आलेलं असताना तो विषय माझ्या गळ्यात पडला. मला तो येत नव्हता. तसं सांगता आलं असतं — पण नवी नोकरी, नवं घर, कोण सांगतो? विभागप्रमुख म्हणाले, "चुकलात तरी चालेल, अडखळू नका. मुलांना लगेच वास लागतो." मी ते पक्कं धरलं. आदल्या दिवशी वाचायचं आणि दुसऱ्या दिवशी जन्मजात येत असल्यासारखं बोलायचं. आवाज चढा ठेवला की कुणी काही विचारत नाही, हे मला फार लवकर कळलं.

स्वाती विचारायची. दिघ्याहून यायची, वडील तिथल्याच एका कारखान्यात कामाला. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली. अशा मुलांना आमच्याकडे 'डिप्लोमावाले' म्हणतात, आणि तो शब्द कसा म्हणतात ते ऐकायला हवं — गणितात कच्चे, इंग्रजीत लंगडे, हे सगळं त्या एका शब्दात येतं. स्वातीला मात्र विषय आतून कळायचा. इमारतीचं वजन कुठून कुठे जातं हे सांगताना तिचे डोळे चमकायचे हो!

एकदा मी फळ्यावर गॅलरी काढली, भिंतीतून बाहेर आलेली, पुढे आधार नसलेली. आणि मुख्य सळया दाखवल्या खालच्या बाजूला. दोन्हीकडे आधार असलेल्या तुळईत त्या खाली असतात. गॅलरीत वर लागतात, कारण ताण वर येतो. आज हे झोपेतसुद्धा सांगेन. त्या दिवशी मला माहीत नव्हतं.

"सर, पण गॅलरी वरून ताणली जाते ना? मग स्टील वर नको?"

किती साधा प्रश्न. 'बघून सांगतो' एवढं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता, माझे कान तापले होते, आणि मी म्हणालो — "डिप्लोमावाल्यांना वाटतं, साइटवर दोन दिवस फिरलं की सगळं आलं. बस खाली. आधी गणित सुधार." वर्ग हसला. म्हणजे मी हसवला. ती बसली.

तास संपल्यावर स्टाफरूममध्ये पुस्तक उघडलं. तिचंच बरोबर होतं. मग मी काय केलं? पुढच्या तासाला जाहीर केलं, हा भाग परीक्षेला येणार नाही, काट मारा. 'येणार नाही' म्हटलं की आमच्याकडे तो विषय संपतो. सगळ्यांनी आनंदाने काट मारली. तिनेही मारली.

त्यानंतर स्वातीने कधी हात वर केला नाही. आणि मला — खरं तेच सांगतो — सुटल्यासारखं वाटलं.

इथवरचं कदाचित कुणाजवळ बोललोही असतो. पुढचं नाही.

शेवटच्या वर्षी एक बांधकाम कंपनी मुलाखतींना आली. मुलांच्या फायली पुढे सरकवायला म्हणून मी त्याच खोलीत बसलो होतो. स्वातीचे सुरुवातीचे प्रश्न छान गेले. मुलाखत घेणारे गृहस्थ खूश दिसत होते. मग त्यांनी सहज विचारलं, गॅलरीत मुख्य स्टील कुठे द्याल?

तिने माझ्याकडे पाहिलं. जरासंच. आणि म्हणाली, "खाली, सर."

"नक्की?" त्यांनी विचारलं. भला माणूस, एक संधी देत होता. ती हो म्हणाली. 'हे मी शिकवलंय, माझी चूक आहे' — एवढंच तर बोलायचं होतं मला. मी मान खाली घालून पुढच्या मुलाची फाइल शोधत राहिलो. ती माझ्या हातातच होती.

ती नोकरी गेली. नंतर स्वाती सिव्हिलच्या कुठल्याच मुलाखतीला बसली नाही. आता वाशीला एका मोबाइलच्या दुकानात असते असं कळलं. मी त्या रस्त्याने जात नाही.

मुलाखतीच्या दिवशी बाहेर पाण्याच्या कूलरपाशी ती भेटली होती. मी हळूच विचारलं, तुला तर माहीत होतं ना ग?

"माहीत होतं सर. पण तुमी समोर बसलेले. कंपनीवाल्यांपुढे तुमाला कसं खोटं पाडणार?"

माझी अब्रू राखून ती तिथे उभी होती. आणि मी — तिचा शिक्षक — तिला म्हणालो, "पुढच्या वेळी नीट तयारी करून ये."

"हो सर," ती म्हणाली.