चिकूसाठी घर शोधणाऱ्या कुमुदताई

कुमुदताई गेल्याची बातमी मला पुण्यात कळली, मावसबहिणीच्या लग्नात, हातात जेवणाचं ताट असताना. युट्रेख्टच्या आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कोणीतरी तीन ओळी टाकल्या होत्या आणि त्याखाली हात जोडलेल्या चित्रांचा ढीग पडला होता. 'मायेची सावली हरपली', 'आपल्या सगळ्यांच्या ताई'... मी ताट तसंच खाली ठेवलं. दुःख झालं हे खरं, पण त्याआधी संताप आला, आणि आज पाच आठवडे उलटले तरी तो गेलेला नाही. त्यातला बराचसा माझा माझ्यावरच आहे, म्हणून हे लिहायला बसले आहे.

ताई तीस वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे नेदरलँड्सला आल्या. इथल्या एका प्रयोगशाळेत काम करून निवृत्त झाल्या. नवरा आधीच गेलेला, मूलबाळ नाही. आमच्यासारखी आयटीतली जोडपी युट्रेख्टला उतरली की पहिल्या आठवड्यातच कोणीतरी त्यांचा नंबर द्यायचं. खेमेंतेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, नाव कसं नोंदवायचं, कढीपत्ता कुठे मिळतो, ताप आला तर डॉक्टर पॅरासिटामॉलच देणार तेव्हा उगाच हुज्जत घालायची नाही, हे सगळं ताई सांगायच्या. जीभ मात्र तिखट. मी केलेली पहिली पुरणपोळी खाऊन म्हणाल्या होत्या, "पुरण छान झालंय. पोळी कशाला केलीस?" मंडळातला एकही माणूस असा नसेल ज्याने कधी ना कधी त्यांच्या घरचा चहा प्यायला नाही.

आता चिकूबद्दल. कोरोनात इथे संचारबंदी लागली तेव्हा रात्री नऊनंतर घराबाहेर पडायला मनाई होती, पण कुत्रा फिरवायला जायची मुभा होती. मुलं घरात कोंडून पिसाळलेली, नवरा अख्खं ऑफिस उचलून आमच्या जेवणाच्या टेबलावर घेऊन आलेला. आम्ही कुत्रा आणला. तपकिरी, एवढासा, काखेत मावेल असा. मुलांना जबाबदारी कळेल, प्राण्यांवर प्रेम करायला शिकतील, अशी कारणं आम्ही चारचौघांत दिली. खरं कारण एकच होतं, आम्हाला हिंडायचं होतं. संचारबंदी उठली, उन्हाळ्यात दोन वर्षांनी भारतात जायची सोय झाली, आणि सहा आठवड्यांसाठी आम्ही चिकूला मंडळातल्याच एका कुटुंबाकडे सोडला. त्यांनी हौसेने हो म्हटलं होतं. पहिला आठवडा मी फोटो मागवले, मग विसरले. त्यांच्या घरात देव होते, कुत्र्याचे केस देव्हाऱ्यापर्यंत यायला नकोत, म्हणून चिकूचा मुक्काम तळमजल्यावर, सायकली ठेवायच्या बिनखिडकीच्या खोलीत. दोन वेळा खाणं टाकलं की कर्तव्य संपलं. ताई त्याच इमारतीत राहायच्या. शेजारणीची सायकल काढायला त्या खाली गेल्या, तेव्हा अंगभर केसांच्या गुठळ्या झालेला चिकू स्वतःच्या घाणीत बसला होता. दार उघडलं तरी भुंकला नाही. ताई त्याला तसाच उचलून वर घेऊन गेल्या.

परत आल्या दिवशीच मी पेढे घेऊन त्याला आणायला गेले, तर त्या कुटुंबाने मला ताईंकडे पाठवलं. ताईंनी दारातच सांगितलं, "पेढे घेते. कुत्रा देणार नाही."

मी भांडले. अहो, कुत्रा आमचा आहे, मुलं रडतायत, आम्हाला तरी काय माहीत ते लोक असं करतील... शेवटी चिडून म्हणाले, "मग तुम्हीच ठेवा ना कायमचा!"

"ठेवला असता गं," त्या म्हणाल्या. "पण पोटातली गाठ पसरलीय. डॉक्टर म्हणतात, हे वर्ष निघालं तर पुष्कळ. तेवढ्यात याला नीट घर मिळायला हवं. तुझ्याकडे गाडी आहे ना? मग रविवारी दहाला ये."

हे आजारपण कोणाला सांगायचं नाही, एवढी अट त्यांनी घातली. दया म्हणून कुत्रा घेणारी माणसं त्यांना नको होती.

असे आमचे रविवार सुरू झाले. मागच्या सीटवर ताई, त्यांच्या मांडीवर चिकू. मंडळातली, ओळखीची, ओळखीच्यांच्या ओळखीची घरं आम्ही पालथी घातली. सगळीकडे चहा, चिवडा, "किती गोड आहे हो!" मुलं डचमध्ये चेकाळायची. ताई तासभर बसून घर न्याहाळायच्या आणि उठता उठता विचारायच्या, "तुम्ही इंडियाला जाल तेव्हा हा कुठे असेल?" संपलं. "बघू ना ताई, तेव्हाचं तेव्हा." "ठेवू कोणाकडे तरी." ताई चपला घालायला लागायच्या. एका बाईंनी तर जिन्यात मला ऐकवलं, "आपल्या माणसांवर विश्वास नाही, कुत्र्याचा एवढा पुळका!" ग्रुपवर दबक्या आवाजात चेष्टा सुरू झाली, म्हातारी स्थळं नाकारतेय म्हणून. मीही त्यावर हसण्याची चित्रं टाकली. आता लाज वाटते... पुढे 'मायेची सावली' लिहिणारे हात याच ग्रुपवरचे होते.

शेवटी घर मिळालं ते नायमेखनला, विमकडे. विम म्हणजे सत्तरीचा, रेल्वेतून निवृत्त झालेला डच गृहस्थ. ताई उपचारांना जायच्या त्याच हॉस्पिटलात त्याच्या बायकोवर उपचार चालू असताना ओळख झालेली. बायको वसंतात गेली. ताईंनी त्यालाही विचारलं, सुट्टीवर जाशील तेव्हा हा कुठे असेल? विमला प्रश्नच कळला नाही. "माझ्याबरोबर," तो म्हणाला. "जिथे त्याला घेत नाहीत तिथे मी कशाला जाऊ?" त्या दिवशी परतताना मागच्या सीटवर ताई एकट्याच होत्या. मी आरशातून बघितलं, तर साडीवरचे केस एकेक करून वेचत होत्या आणि वेचलेले मुठीत धरत होत्या.

डिसेंबरात त्यांना शेवटच्या दिवसांच्या शुश्रूषागृहात हलवलं. भेटायला एका वेळी एकालाच सोडत. विम दर बुधवारी चिकूला घेऊन यायचा आणि बागेतून खिडकीशी उभा राहायचा. भारतात निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांना भेटायला गेले. लग्न आहे, तिकिटं सप्टेंबरातच काढलीयत, मुलांनाही सुट्टी आहे, असं बरंच काही बोलत राहिले. त्यांनी ऐकून घेतलं. इतक्या घरांत विचारलेला तो प्रश्न त्या स्वतःसाठी मला विचारतील याची मला फार भीती वाटत होती. त्यांनी नाही विचारला. "जा," म्हणाल्या, "आईला माझा नमस्कार सांग." मला हायसं वाटलं. खोटं कशाला लिहू, हायसंच वाटलं होतं.

अंत्यविधी ऑनलाइन बघायची सोय होती. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, घरभर पाहुणे असताना, मी गच्चीत जाऊन फोनवर लिंक उघडली. कोरोनाच्या नियमानुसार सुट्या सुट्या मांडलेल्या खुर्च्या होत्या आणि बहुतेक रिकाम्या होत्या. मंडळातले जवळजवळ सगळेच नाताळच्या सुट्टीत भारतात आले होते, जे आले नव्हते त्यांना गर्दीत जायची भीती होती. गर्दी म्हणजे शेजारीण, शुश्रूषागृहातली एक नर्स आणि चिकूला मांडीवर घेतलेला विम. स्क्रीनच्या कोपऱ्यात बघणाऱ्यांचा आकडा मात्र वाढत चालला होता. अंत्यविधी चालवणाऱ्या बाईंनी डचमध्ये सांगितलं, निरोपासाठी आधी घरच्यांनी पुढे यावं. कोणी हललं नाही. विमने मागे वळून दाराकडे पाहिलं, थोडा वेळ वाट बघितली. मग चिकूला छातीशी धरून तो उठला आणि घरचा म्हणून पुढे गेला.