जिभेला न कळणारा आंबटपणा

कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये मी पंधरा वर्षं बाटल्या धुतल्या. बाटल्या धुऊन उपड्या घातल्या की रिकाम्या होतात, माझं डोकं मात्र भरत गेलं. आता नात वही घेऊन बसलीय, तर त्या एका पांढऱ्या भुकटीचं तेवढं सांगते. सगळं सांगायला बसले तर हिची बोटं दुखतील.

*

कुमुदताई रोज मनमाडहून गाडीनं यायची. पीएचडी करायची. धातूचं भस्म असतं ना, तशी पांढरी भुकटी ती बनवायची आणि तिच्या अंगावर आंबटपणा किती आहे ते मोजायची. मी म्हटलं, त्यात काय मोजायचं, चाटून सांगते. चिमूट जिभेपर्यंत गेली तोच तिनं माझं मनगट धरलं.

"मावशी, हे जिभेला कळत नाही. रंगाला कळतं."

तिनं भुकटी बेंझीनमध्ये टाकली, वर पिवळ्या रंगाचा एक थेंब सोडला. भुकटी बघता बघता लाल झाली. माझ्या अंगावर काटा आला. कोरडी ठणठणीत वस्तू, ना रस ना वास, आणि एवढी आंबट! म्हणे याच आंबटपणावर कारखान्यात जाड तेलाचं पेट्रोल होतं.

*

लाल झालेल्या भुकटीत मग दुसरं एक औषध मोजून मोजून टाकायचं. दर वेळी हलवत वाट बघायची, लाल जाऊन पिवळं आलं की थांबायचं. जेवढं औषध लागलं तेवढा आंबटपणा. त्या औषधाला मात्र सुकटीचा वास! एकदा बाटली उघडी राहिली आणि ऑफिसचे हेडक्लार्क नाकाला रुमाल लावून थेट माझ्याकडं आले. डबा उघडायला लावला. आत मेथीची भाजी.

"मग वास कुठून येतोय?"

मी म्हटलं, "साहेब, पेट्रोल शिजतंय."

*

पावसाळ्यात ती भुकटी फार छळायची. लालबुंद भट्टीत भाजायची आणि झाकणाच्या जाड काचेच्या भांड्यात निववायची, कारण उघडी राहिली की ती हवेतली ओल पिते आणि आकडा चुकतो. एका पावसात तिचे गाईड सर झाकण हातात धरूनच कुमुदताईला समजावत उभे राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ती बिचारी गुरूला काय बोलणार? मीच म्हटलं, "सर, झाकण लावा. तुमचं भाषण भुकटी पिऊन राहिलीय."

सरांनी झाकण लावलं आणि भाषण तिथंच संपवलं.

*

पण वर्षभर तिचे आकडे काही जुळेनात. एकाच भुकटीचे तीन वेळचे तीन आकडे सारखे आल्याशिवाय सर प्रबंध पुढं पाठवणार नव्हते, आणि मुदत होती दिवाळीपर्यंतची. पोरगी सुकत चालली. एकदा म्हणाली, "मावशी, मी आता गाडीत पुस्तक उघडत नाही. खिडकीतून बघत बसते."

खंडेनवमीला आम्ही लॅबमधल्या वस्तूंची पूजा करायचो. भट्टीला हळदकुंकू, तराजूला हळदकुंकू. कुमुदताई ज्या काचेच्या भांड्यात भुकटी भिजवून धुवायची, त्यांनाही मी बोट लावलं. भांडी सकाळीच धुतलेली, अजून ओलसर होती. पिवळं बोट लावलं आणि डाग लाल उमटला. दुसऱ्या भांड्यालाही लाल. तिसऱ्याला मात्र पिवळाच राहिला.

हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे कुठल्या बाईला ठाऊक नाही? भांडी लखलखीत निघावीत म्हणून मी घरचा धुण्याचा सोडा आणून घासायची. कुणी सांगितलं नव्हतं, माझंच शहाणपण. खळबळताना कुठं कमी, कुठं जास्त राहत असणार. तोच सोडा भुकटीचा आंबटपणा खात होता.

नोकरी जाईल असं वाटलं. तरी लाल डागाची दोन्ही भांडी घेऊन तिच्यापुढं गेले. "ताई, तुमचं वर्ष माझ्या हातानं गेलं."

ती त्या लाल डागाकडं बघत राहिली. मग तिथंच खाली बसली आणि रडता रडता हसायला लागली. त्या दिवसापासून भांडी आधी पातळ ॲसिडात, मग शुद्ध पाण्यात. दिवाळीच्या आठ दिवस आधी तीन आकडे सारखे आले.

*

मग बाहेरगावचे परीक्षक आले. पिकले केस, जाड चष्मा. प्रबंध चाळून म्हणाले, "हा आकडा माझ्यासमोर काढून दाखवा."

तिनं प्रबंधात लिहिलं होतं तेवढं औषध टाकलं. भुकटी लालच. सरांनी मान खाली घातली. कुमुदताईचा हात अजून औषध सोडायला निघाला. जास्त टाकलं असतं तर तिचाच आकडा खोटा ठरला असता. घाबरून ती रोजचं वाट बघणं विसरली होती. मी चहाचे कप टेबलावर मांडून उभी.

न राहवून म्हटलं, "थेंब नको, ताई. हलवत बसा. भुकटीच्या पोटात उतरायला वेळ लागतो."

परीक्षकांनी माझ्याकडं पाहिलं, मग घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. ती बाटली हलवत राहिली. पाऊण तास गेला असेल. लालाचा गुलाबी झाला, गुलाबीचा केशरी, आणि मग हळूच, कुणी हात न लावता, सगळी भुकटी पिवळी झाली.

परीक्षकांनी बाटली उजेडात धरून कितीतरी वेळ पाहिली. मग खाली ठेवली आणि कप पुढं ओढत कुमुदताईला म्हणाले,

"डॉक्टर, चहा गार झाला."

कुमुदताई मागं वळून दाराकडं बघायला लागली, कोण डॉक्टर आले म्हणून.