हॅरिस साहेबाचा मदतनीस

जुन्नरच्या पेठेत दोन वर्षांपूर्वी एक कुजबुज फिरली. हौशीराम रेडिओवाल्यानं म्हणे मुंबईच्या एका व्यापाऱ्याशी संगनमत करून जुन्या अँप्लिफायरची बोली लाखाच्या वर चढवली, आणि त्याबद्दल पांढऱ्या गाडीतून आलेलं पाकीट गुपचूप खिशात घातलं. पाकीट किती जाड, यावर मात्र एकमत नव्हतं. सकाळी चहाच्या वेळी ते बोटभर होतं, संध्याकाळी आळेफाट्याला पोचलं तेव्हा वीतभर झालं. मीही दोघातिघांना सांगितलं, खोटं कशाला बोलू. इतकी चांगली बातमी पोटात ठेवणं या वयात झेपत नाही.

आता हौशीराम ताजणे म्हणजे कोण, तर बहात्तर वर्षांचा, सडपातळ आणि गिऱ्हाइकावर डाफरून पोट भरणारा माणूस. त्याच्या दुकानात रेडिओ घेऊन जाणं म्हणजे पोलिसांत जबाब द्यायला जाणं. 'आपोआप बंद पडला' असं कुणी म्हटलं की संपलं.

"आपोआप काय बी व्हत न्हाई. कुनी पाडला ते सांग, मंग हात लावतो."

माणसं मुकाट्यानं पोराचं नाहीतर बायकोचं नाव सांगायची. एकानं सासऱ्याचं सांगितलं, तर हौशीरामनं सासऱ्याला बोलावून खात्री करून घेतली. खोटं त्याला खपतच नाही. या एका खोडीपायी त्याची निम्मी गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली.

याच माणसानं तरुणपणी अकरा अँप्लिफायर हातानं बनवले. ट्रान्झिस्टर आले होते, पण याचा जीव जुन्या काचेच्या व्हॉल्व्हवर. खोका पत्र्याच्या पेट्या करणाऱ्याकडून वाकवून घ्यायचा आणि ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग स्वतः करायचा. अकरावं, शेवटचं मशीन त्यानं मढच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीच्या भजनी मंडळाला दिलं. शहाऐंशी साली, वाडीत लाइट आली तेव्हा. मंडळाचे धर्माजी तेव्हा म्हणाले होते, "भाऊ, मागं तुमचं नाव तरी घाला." हौशीराम म्हणाला, "वाजल्यावर कळंल कुनाचं हाय ते." तरुण माणसाला असं बोलायला काय जातं.

हौशीरामच्या शेजारी दलीचंद शेठजींची सून खुशबू मोबाइलचं दुकान चालवते. तिचा भाऊ पुण्यात असतो, जुन्या रेकॉर्डींचा शौकीन. त्यानं तिला लिलावाच्या एका साइटवरचे फोटो पाठवले. ही बाई माझ्यासारखीच, काही पोटात ठेवत नाही. लगेच शेजारी गेली.

"काका, तुमच्या वयाचं मशीन लिलावाला लागलंय."

"माझ्या वयाचं असंल तर कुनी घेनार न्हाई."

मग त्यानं फोटो बघितला आणि हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "वाच खालचं."

विकणाऱ्या मुंबईच्या व्यापाऱ्यानं लिहिलेलं खुशबूनं वाचून दाखवलं: मुंबईत स्थायिक झालेल्या हॅरिस नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १९५८ साली स्वतःच्या बंगल्यासाठी हातानं बनवलेला, जगातला एकमेव नमुना.

"ह्यो हॅरिस कोन?"

"साहेब आहे कुणीतरी."

"साहेबाच्या बंगल्यात तीन माइकची भोकं कशाला? एक साहेबाला, एक मडमेला, आन् तिसरं पखवाजाला?"

"पुढं ऐका. जाळीवर मूळ लाल रंगाचे दुर्मीळ अवशेष."

"गुलाल हाय तो, सप्त्याचा," हौशीराम म्हणाला. त्याचा आवाज असा चढला की समोरच्या दुकानातली त्याचीच जुनी गिऱ्हाइकं बाहेर येऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी एसटी पकडून तो वाडीत गेला. धर्माजी आता ऐंशीच्या पुढचे. त्यांनी शांतपणे सांगितलं, की मंडळाला पुढाऱ्यानं नवा ब्लूटूथचा स्पीकर दिला, जुन्याला कोपऱ्यात जागा राहिली नाही, म्हणून भंगारवाल्याला दिला.

"कितीला?"

"किलोवर. चौदा किलो भरलं. लई जड व्हतं बाबा तुझं मशीन."

"चाळीस वरीस देवापुढं वाजलं आन् तुमी ते लोखंडाच्या भावानं घातलं?"

"देव तोच हाय की," धर्माजी म्हणाले, "स्पीकर बदलला."

हौशीराम परत आला आणि खुशबूला म्हणाला, "मला मशीन नको. तो हॅरिस पुसायचा आन् तिथं माझं नाव लिहायचं, एवढंच त्या व्यापाऱ्याला सांग." खुशबूनं कळवलं. व्यापाऱ्याचं उत्तर आलं, 'सर, इच्छुक असल्यास बोली लावा.'

साइटवर बोलीच्या खाली सगळ्यांना दिसेल असं प्रश्न विचारायची जागा असते. हौशीरामनं तिथं लिहायचं ठरवलं. तो सांगणार, खुशबू टाइप करणार. त्यानं सांगितलं, की हे मशीन मी बनवलं आहे. झाकण काढून बघा, ट्रान्सफॉर्मरखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा आहे, धक्का बसू नये म्हणून मीच घातलाय. हॅरिस वगैरे सगळं खोटं आहे.

तेव्हा बोली बावीस हजारांवर होती. सकाळी बघतात तर एक्केचाळीस.

घेणाऱ्यांनी व्यापाऱ्याकडे आतला फोटो मागितला होता. ट्यूबचा तुकडा निघाला होता. मशीन खरोखर हातानं बनवलेलं आहे, याची शौकिनांना खात्री पटली होती. हॅरिसचं काय, ते कुणीच विचारलं नाही.

हौशीराम भडकला. त्यानं दुसरं पत्र सांगितलं, पहिल्याहून कडक. त्यात गुलाल आला, खोका वाकवणारा पेटीवाला आला, कुठली तार कुठे डागली आहे तेही आलं. बोली सत्तर हजारांवर गेली.

"काका, तुम्ही आता लिहू नका," खुशबू म्हणाली. "तुम्ही रागावलात की वीस-तीस हजार वाढतात."

मग व्यापाऱ्यानं जे केलं त्याला माझ्याकडे छापण्याजोगा शब्द नाही. त्यानं माहितीत एक ओळ वाढवली: 'हॅरिस साहेबांच्या जुन्नर येथील वयोवृद्ध मदतनिसाने नमुना अस्सल असल्याचे सांगितले आहे.'

मदतनीस! ज्यानं एकेक वेटोळं मोजून तार गुंडाळली, बोटं भाजून घेतली, तो न जन्मलेल्या साहेबाचा गडी ठरला. हे वाचणारे शे-दीडशे लोक शिकलेले, इंग्रजी येणारे, पण इंग्रजाशिवाय कुणी चांगली वस्तू बनवू शकतो ही शंका एकाच्याही मनाला शिवली नाही. खेड्यातला म्हातारा खरं सांगतो, तर ते खरं त्यांनी घेतलं आणि म्हातारा तेवढा फेकून दिला.

हौशीराम दोन दिवस दुकानात कुणावर डाफरलासुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी खुशबूकडे आला. "शेवटचं लिही. आपल्या यात्रेतल्या लिलावासारखं."

आमच्याकडे यात्रेत देवीला आलेल्या साड्या-नारळांचा लिलाव होतो. त्यात ज्याचा नवस असतो तो उभा राहून म्हणतो, 'हे आमचं आहे.' मग बाकीचे गप्प बसतात. कितीही पैसेवाला असो, त्यावर बोली चढवत नाही. चढवलीच तर वर्षभर त्याच्याशी कुणी नीट बोलत नाही. हौशीरामला वाटलं, लिलाव म्हटला की एवढी माणुसकी असणारच. त्यानं लिहवलं: 'हे माझं आहे. कृपया बाकीच्यांनी थांबावं.' आणि पोस्टातली ठेव मोडून, खुशबूच्या खात्यातून एक लाखाची बोली लावली. मशीन हातात आलं की मागं स्वतःचं नाव कोरायचं, मग कुणीही न्यावं, असा त्याचा हिशेब.

लिलाव दुपारी तीनला संपणार होता. पावणेतीनपासून दोघं फोनपुढे बसून. लाखावर कुणी चढलं नाही. हौशीराम हळूच म्हणाला, "बघ. ऐकलं लोकांनी."

तीनला चार सेकंद असताना कुणीतरी वर पाचशे रुपये टाकले. घड्याळ शून्यावर आलं.

"आता तीनदा पुकारतील ना?" हौशीरामनं विचारलं.

"नाही काका. संपलं."

"न पुकारता?"

"असंच असतं इथं."

"मंग ह्याला लिलाव कशाला म्हंत्यात? पाकीटमारी म्हना की राव."

मशीन पुण्याच्या एका डॉक्टरांनी घेतलं. इतकं जुनं, ते अर्थातच घरघरायला लागलं, पंधरा दिवसांत बंद पडलं. पुण्यात कुणी हात लावेना, म्हणून डॉक्टर मदतनिसाला शोधत पांढऱ्या गाडीतून जुन्नरला आले. नेमके त्याच दिवशी धर्माजी वाडीचा वाटा मागायला खाली उतरून दुकानात बसले होते. त्यांना कुणीतरी लाखाचा आकडा सांगितला होता. डॉक्टरांनी फळीवर पाकीट ठेवलं, ते धर्माजींनी डोळ्यांनी पाहिलं. तेवढ्यात मढच्या एसटीची वेळ झाली आणि ते रागारागानं उठून गेले. वाटेत पेठेत जो भेटला त्याला सांगत गेले. मलाही भेटले.

पुढचं खुशबूनं ऐकलं. ते तिनं मला सांगितलं, पण फार उशिरा; तोवर पाकीट आळेफाट्याला पोचलं होतं.

हौशीराम डॉक्टरांना म्हणाला, "दुरुस्त करतो, फुकट. मागं माझं नाव घालायचं."

डॉक्टर सभ्य माणूस. अवघडून म्हणाले, "काका, माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण हॅरिसचं नाव गेलं तर त्याची किंमत राहणार नाही. तुम्ही फक्त दुरुस्त करा ना."

"कुनी बनवलं ते सांगा, मंग हात लावतो."

डॉक्टरांनी फळीवरचं पाकीट आणखी पुढे सरकवलं.

पाकिटात दुरुस्तीचे आगाऊ वीस हजार होते. हौशीरामनं ते न उघडता परत दिलं. व्यापाऱ्याकडून त्याला कधी एक रुपयाही आला नाही. मशीन पुण्यात डॉक्टरांच्या दिवाणखान्यात आहे, त्यावर हॅरिसच्या नावाची पितळी पाटी आहे, आणि ते बंद आहे.