सॉल्ट पॅन फाइव्ह आणि आम्ही चौघं

"फरक सांगू?"

हातातलं सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवून, बोटं पँटला पुसत ते हे विचारायचे. समोरचा हो म्हणेल म्हणून थांबायचे नाहीत. उजव्या हाताची दोन बोटं वर व्हायची. एक बोट त्यांचा बँड, दुसरं आमचा. मग पहिलं बोट जरासं हलवून ते सुरू व्हायचे आणि दुसऱ्या बोटाची पाळी येईपर्यंत आमची पुरती शोभा झालेली असायची.

ठाण्याला बाजारपेठेमागच्या गल्लीत, एका शिंप्याशेजारी त्यांचा गाळा होता. दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं, एवढाच. देवळांचे कर्णे, लग्नाच्या हॉलचे माइक, मंडळांचे अँप्लिफायर, ज्याचा ज्याचा आवाज बसलेला असेल ते सगळं तिथे दुरुस्तीला यायचं. असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. पाठीला पोक, डोळ्यांवर दोऱ्याने बांधलेला चष्मा, आणि बोलता बोलता मांडीवर बोटांनी ठेका. हे एके काळी ड्रम वाजवायचे, हे कोणी सांगावं लागत नव्हतं.

आम्ही डोंबिवलीचे चौघं. नव्वदीची सुरुवात होती. नुकते पदवीधर झालेलो, नोकरी कोणालाच नव्हती, केस मात्र चौघांनीही वाढवलेले. आमच्या रॉक बँडचा जुना अँप्लिफायर इतका गुणगुणायचा की आम्ही वाजवलं नाही तरी लोकांना काहीतरी ऐकायला मिळायचं. तो उचलून मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चिठ्ठी फाडली आणि पेन्सिल धरून विचारलं, "नाव?"

मी आडनाव सांगितलं.

"तुझं नको रे. बँडचं."

"सॉल्ट पॅन."

पेन्सिल थांबली. "कोणी सुचवलं हे?"

कोणी सुचवलं नव्हतं. आमच्या गिटारवाल्याला मुलुंडकडे मिठाचे ढीग दिसले होते आणि ते नाव इंग्रजीत फार खिन्न वाटतं असं त्याचं मत पडलं होतं. मिठागर असं नाव ठेवलं असतं तर आमच्या आयादेखील ऐकायला आल्या नसत्या. हे मी सांगत असताना ते उठले आणि कपाटामागचा एक फोटो काढून त्यांनी माझ्यासमोर धरला. मिठाच्या ढिगापुढे बेलबॉटममधली पाच पोरं आणि मोठ्या ड्रमच्या तोंडावर ऑइल पेंटची इंग्रजी अक्षरं, द सॉल्ट पॅन फाइव्ह. फोटो आमच्या जन्माच्या आसपासचा होता.

तेव्हापासून हे काका, आम्ही त्यांना काकाच म्हणायचो, आमच्या मानगुटीवर बसले. अँप्लिफायर दुरुस्त झाला तरी आम्ही जात राहिलो, आणि दर शनिवारी ते ठाण्याहून डोंबिवलीला आमच्या गच्चीवरची तालीम ऐकायला येऊ लागले. टाकीच्या सावलीत उकिडवे बसायचे. गाणं संपलं की बोटं वर.

"फरक सांगू? आमच्या गिटारी होडी बांधणाऱ्या सुताराने केलेल्या. वजनाने खांदा मोडायचा, पण पडली तर जमीन फुटेल, गिटार नाय. तुमची बघितली तरी सूर उतरतो."

"फरक सांगू? आम्हांला इंग्रजी येत नव्हतं. रेडिओवर ऐकून ऐकून शब्द पाठ केलेले, अर्थ माहीत नाय. म्हणून जीव ओतून गायचो. तुम्हांला अर्थ कळतो, त्यामुळे तुम्ही आधीच कंटाळलेले असता."

"आणि तुम्ही एकमेकांकडे बघत का नाय रे? भांडण झालंय काय?"

आम्ही खरंच बघत नसू. मान खाली, केस पुढे, अशी आमची धाटणी होती. त्यांचा बँड नाताळात, लग्नानंतरच्या पाचपरतावणाला, कोळीवाड्यातल्या हळदीत वाजवायचा आणि लोक नाचायचे. आम्ही कॉलेजांच्या स्पर्धांत वाजवायचो आणि लोक हाताची घडी घालून ऐकायचे. नावं जवळजवळ एकच, ढीगही त्याच मिठाचे, पण ती पाच पोरं आनंदाने वाजवत होती आणि आम्ही रुबाबासाठी, हे मला तेव्हाही कळत होतं. कबूल करायची हिंमत नव्हती.

एक गोष्ट ते पहिल्या दिवसापासून करायचे. आम्ही उभे राहिलो की येऊन खांद्याला धरून आम्हांला हलवायचे. "तू इकडे. तू मागे. मध्ये नको कोणी." ड्रमच्या बरोबर पुढे एका माणसाची जागा मोकळी राहायची. त्याने आवाज चांगला येत असेल, असं आम्ही धरून चाललो. अँप्लिफायरवाल्या माणसाला कोण विचारणार! त्याची इतकी सवय झाली की ते नसतानाही आम्ही तसेच उभे राहू लागलो.

मग आम्हांला ठाण्यात एका शाळेच्या मैदानावर कार्यक्रम मिळाला. रविवारी दुपारी चारला. मी ही बातमी द्यायला गाळ्यावर गेलो, तर त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

"एवढ्या कार्यक्रमापुरतं नाव बदला," ते म्हणाले. "डोंबिवलीत, कल्याणात, शहाडला, कुठेपण हेच नाव लावा. ठाण्यात नको."

"का पण?"

तेव्हा त्यांनी त्या फोटोतल्या मधल्या पोराबद्दल सांगितलं. तो गायचा. यांचा शाळेपासूनचा दोस्त, ठाण्याच्याच कोळीवाड्यात घराला घर लागून. एका सकाळी आईला म्हणाला, संध्याकाळी प्रोग्राम आहे, मी दर्यावरून थेट तिकडेच जाईन. चुलत्याबरोबर होडीतून गेला. चुलता आला, होडी आली, तो आला नाही. पुष्कळ शोधलं. काही सापडलं नाही. चौघांनी पुन्हा कधी वाजवलं नाही, कारण नावात पाच होते.

आईने मानलंच नाही. पोरगा प्रोग्रामला गेलाय, आज ना उद्या येईल, असं धरून ती धक्क्यावर जाऊन बसायची. काका रोज संध्याकाळी तिला घरी आणायचे. बारा वर्षं आणलं. शेवटी बारा वर्षांनी दर्भाचा पुतळा करून त्याचे दिवस घातले, तेव्हा ती पहिल्यांदा रडली आणि धक्क्यावर जायची थांबली.

"तिला इंग्रजी दोनच शब्द येतात," ते म्हणाले. "तुमच्या बँडचं नाव."

तुम्ही म्हणाल, एवढं ऐकून कोणीही नाव बदललं असतं. आम्ही बदललं नाही. गच्चीवर चर्चा झाली. पोस्टरं छापून झाली होती, ड्रमवर नाव रंगवून झालं होतं, शिवाय म्हातारी बाई कशाला पोस्टर वाचणार, असं मीच म्हणालो. ते वाक्य माझं आहे. इतरांची नावं पुढे करून सुटायचा प्रयत्न मी बरीच वर्षं केला, पण ते माझंच आहे.

पोस्टर तिने वाचलं नाही. आयोजकांनी कर्णा लावलेली रिक्षा काढली होती. ती दोन दिवस कोळीवाड्यातून ओरडत फिरली.

रविवारी आम्ही स्टेजवर चढलो तर पहिल्या रांगेत काका बसलेले, आणि शेजारी एक म्हातारी. कोळी पद्धतीने नेसलेलं नवं लुगडं, अंबाड्यावर अबोलीची वेणी, लग्नाला निघाल्यासारखी. काका आमच्याकडे बघत नव्हते. त्यांचा हात तिच्या मनगटावर होता. आम्ही सवयीप्रमाणे उभे राहिलो आणि तासभर वाजवलं. पूर्ण वेळ ती आमच्यातल्या कोणाकडेही न बघता मधल्या रिकाम्या जागेकडे बघत होती. मी आयुष्यात कधी इतका घाबरलो नाही. माझ्या डाव्या खांद्याला खेटून कोणीतरी उभं आहे असं मला वाटत राहिलं आणि तिकडे मान वळवायचं धाडस झालं नाही. आजही आठवलं की तो खांदा गार पडतो.

कार्यक्रम संपला. मी वायर गुंडाळत होतो. ती स्टेजपाशी आली आणि लाकडाच्या कडेला हात धरून तिने मला विचारलं, "मधी कोन उबा ऱ्हातो रं? जागा सोडलीव ना त्याची?"

काका तिच्या मागून घाईने येत होते. त्यांचं तोंड उघडलेलंही मला दिसलं. पण मी तेवीस वर्षांचा होतो आणि मला तिची दया आली होती. मी म्हणालो, "आई, तो आज आला नाही."

तिचा चेहरा उजळला. दुसरा शब्द सुचत नाही मला. "बरं, बरं," म्हणाली, माझा हात थोपटला आणि वेणी सावरत निघाली. काका जागच्या जागी उभे राहिले.

मी खाली उतरलो. ते म्हणाले, "फरक सांगू?" दोन बोटं वर केली, आणि काहीच न सांगता हात खिशात घालून तिच्या मागे चालू लागले.

घरी येईपर्यंत मला कळलं की मी काय केलं होतं. बारा वर्षं खपून त्यांनी त्या बाईला एक गोष्ट पटवली होती. मी त्या वाक्यात 'आज' घातला आणि ती गोष्ट पुसून टाकली. आता तिच्या हिशेबी तो उद्या येऊ शकत होता.

मी माफी मागायला गेलो, तर त्यांनी चिठ्ठी फाडली, "काय बिघडलंय?" विचारलं. माझ्याकडे दुरुस्तीला काहीच नव्हतं. त्यांनी चहा मागवला. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी चहा पिऊन परत आलो.

आम्ही नाव टाकलं, पण वर्षाच्या आत बँडच राहिला नाही. एक जण अमेरिकेला गेला, एक बँकेत लागला, गिटारवाला डोंबिवलीच्या एमआयडीसीत केमिकल कंपनीत केमिस्ट झाला आणि त्याचे केस आपोआप कमी झाले. मला ठाण्यात नोकरी लागली. अधूनमधून संध्याकाळी मी गाळ्यावर डोकवायचो. ते बोलायचे, हसायचेही, पण दोन बोटं पुन्हा वर झाली नाहीत. पूर्वी रविवारीही उघडा असणारा गाळा त्या कार्यक्रमानंतर रविवारी बंद असायचा. कुठे जातात, हे मी विचारलं नाही. मला अंदाज होता आणि तो खरा ठरावा असं वाटत नव्हतं.

चारपाच वर्षांनी एका सोमवारी गाळा बंद दिसला, मंगळवारीही. शेजारच्या शिंप्याने मशीन थांबवून सांगितलं, "गेले ते. काविळीने. आठ दिवसांत." लग्न केलेलं नव्हतं. भेटायला कोणाकडे जाऊ विचारलं, तर म्हणाला, "कोळीवाड्यातल्या त्या म्हातारीकडेच जा. त्यांचं जे काय होतं ते तिथेच होतं."

मी रविवारी गेलो. ती आतल्या खोलीत खाटेवर होती. खूप वाळली होती. पुतणीने मला स्टूल दिलं. म्हातारीने मला निरखलं आणि विचारलं, "तू कोनाचा रं?"

मी बँडचं नाव सांगितलं. ती उठून बसली. "मंग माजा पोर? आयला का तो?"

मी रस्त्यात ठरवून गेलो होतो. "आई, तो नाही. तो त्या दिवशी पाण्यात गेला. बारा वर्षांनी तुम्ही त्याचे दिवस घातलेत. मैदानावर मी तुमच्याशी खोटं बोललो."

ती हुंदके देऊन रडली, अगदी कालपरवाची बातमी असावी तशी. पुतणी पाणी घेऊन आली, पण तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. थोड्या वेळाने म्हातारीने पदराने तोंड पुसलं.

"त्यो पन ह्येच सांगं," ती म्हणाली. "दर आयतवारी येवून सांगं. असाच बसं, तुज्यासारका."

पुतणीने पाण्याचा पेला तिच्या हातात दिला.

"मना मंगळवारपतुर ध्यानात ऱ्हातं रं. मंग जातं. मंग मी वाट बगते." तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आता त्योबी नाय. मना कोन सांगनार?"

जिवलग मित्राच्या मरणाची बातमी त्या माणसाने चारपाच वर्षं दर आठवड्याला त्याच्या आईला नव्याने दिली होती. दर वेळी तिचं रडणं बघितलं होतं. आणि सोमवारी गाळा उघडून माझ्यासाठी चहा मागवला होता.

पुढच्या रविवारी मी गेलो. ती दारात बसली होती, केस विंचरून, नीटनेटकी. मला लांबून पाहून तिने हात वर केला. मी चपला काढल्या, आत जाऊन स्टूल तिच्याजवळ ओढलं, आणि ती विचारायच्या आतच सांगायला सुरुवात केली.