झटकू नका जी

मामाजींसमोर कोणी काही झटकलेलं त्यांना चालत नसे. चादर असो, शेला असो की धानाचं रिकामं पोतं, "झटकू नका जी," म्हणत ते रस्त्यातच थांबत. मळणीच्या दिवसांत सारं आंधळगाव धान उडवायला वाऱ्याची वाट पाही आणि हा माणूस तलावाच्या पाळीवर एकटा जाऊन बसे. लोक वेडा म्हणत. मी गावच्या शाळेत मास्तर, त्यांचा शेजारी. मलाही आधी तसंच वाटे.

मामाजींची उमर मुंबईकडच्या एका सिमेंट-पत्र्याच्या कारखान्यात गेली. तिथं अ‍ॅस्बेस्टॉस पोत्यांतून येई. सुट्टीवर येताना ते रिकामी पोती बांधून आणत. धानवाल्या घराला पोती कितीही असली तरी कमीच, आणि ही तर चांगली जाड. मामीजी ती अंगणात बडवत, झटकत, उसवलेली शिवत. पांढऱ्या धुरळ्यानं केस भरले की म्हणत, "पाहा, तुमच्या कंपनीनं मले म्हातारी करून टाकलं." दोघंही हसत. हे सांगताना मामाजी त्या हसण्यापाशी येऊन थांबत.

ते नोकरी संपवून कायमचे घरी आले आणि काही वर्षांनी मामीजींना दम लागू लागला. छातीत पाणी भरे. भंडाऱ्याला पाणी काढलं, क्षयाची औषधं झाली, पाणी पुन्हा भरलं. शेवटी नागपूरला फुप्फुसाच्या आवरणाचा तुकडा तपासला. मेसोथेलिओमा, त्या आवरणाचा कर्करोग. मी सोबत होतो. डॉक्टरांनी मामीजींना काम विचारलं. धानाचा रोवणा आणि निंदण, एवढंच त्यांनी सांगितलं. मग मामाजींचं काम विचारलं, कपडे कोण धुतं तेही. पोत्यांचं ऐकल्यावर म्हणाले, ही धूळ छातीत शिरून वर्षानुवर्षं गप्प बसते. मामाजींच्या छातीचा फोटो मात्र साफ निघाला. माणूस त्या दिवशीच मोडला.

मामीजी गेल्यावर आम्ही वकिलाकडे गेलो. भला माणूस. त्यांनी समजावलं, भरपाईचा कायदा हजेरीवर नाव असलेल्या कामगाराचा. घरी पोती झटकणारी बायको त्यात बसत नाही. दिवाणी दावा लावता येईल, पण पोती तुम्हीच घरी नेली असं समोरचे म्हणतील.

"मले पैसा नाही पायजे, साहेब," मामाजी म्हणाले. "कोर्टानं फक्त म्हणावं का बाई कारखान्यापायी मेली. नाही तं मीच मारली, असं होते ना."

दावा काही लागला नाही.

उरलेली पोती मामाजींनी भिजवून परसात खोल पुरली. मूलबाळ नव्हतं. माझी बायको त्यांचे कपडे धुवायला मागे, तर म्हणत, "तुमच्या बाईले हात लावू देऊ नका, गुरुजी." कारखाना कधीच सुटला, आता कपड्यांत काही नाही, असं मी कितीदा सांगितलं. ते मान हलवत आणि आपलं धोतर आपणच धूत. पुढे पुढे कोणाच्या ओसरीवरही बसेनात. त्यांचं ते एकटं धोतर दोरीवर वाळताना पाहिलं की मला फार वाईट वाटे.

एका हिवाळ्यात ते झोपेतच गेले. सगळं आटोपल्यावर घर आवरायला आम्हीच होतो. बायकोनं त्यांची घोंगडी सवयीनं झटकायला उचलली आणि तशीच थांबली. मग बादली भरून आणली, आणि घोंगडी आधी पाण्यात बुडवली.