मास्तरांचे दात

आमचे हे कवळ्या करतात. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात आणि आमच्या मागच्या खोलीत मेण, गुलाबी पावडर आणि पॉलिशच्या मशीनची घरघर यांतून कुणाचं तरी हसू तयार होऊन जातं. साचे मात्र हे टाकत नाहीत. माणूस गेला तरी त्याच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा फळीवर राहतो. "कधी लागेल सांगता येत नाही," म्हणतात. मेलेल्या माणसाला कवळी कशाला लागेल, हे विचारणं मी केव्हाच सोडलं. फळीवरची धूळ मीच पुसते, तिकडे न बघता.

ह्यांना दुसरा नाद बासरीचा, लग्नाआधीपासूनचा. आवडीची एकच धून, आणि तिच्यातला पंचम कायम जरासा उतरलेला. जिन्यात तो उतरलेला पंचम कानावर आला की कळायचं, हे घरी आहेत, चहा दोघांचा टाकायचा. शिकवणारे मास्तर सांगून थकले होते. "रोज सकाळी एकच सूर धर, दम संपेपर्यंत. मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि दुसऱ्या दिवशी परक्याचा असल्यासारखा ऐक. धून सध्या विसर." हे मान डोलवायचे आणि घरी येऊन धूनच वाजवायचे, तीही पळत. स्वतःचं वाजवणं ऐकायचं तर ह्यांच्या अगदी जिवावर यायचं.

मास्तरांची कवळीही ह्यांनीच केली होती. पुढे मास्तर फुप्फुसाच्या आजारानं गेले. साचा फळीवर राहिला.

मग जिन्यात घसरून ह्यांचे पुढचे दात गेले. स्वतःची कवळी स्वतःच करायला बसले आणि तिथे नको ते केलं. टाळूचं माप स्वतःचं घेतलं, पण पुढचे दात मास्तरांचा साचा समोर ठेवून बसवले. तीच ठेवण, मधली तीच बारीक फट.

"फुंकर दातांवरून जाते," मला कौतुकानं सांगितलं. "दात तसे, तर सूरही तसा."

"मग त्यांचं टक्कलही घ्या," मी म्हणाले.

हे हसले. हसताना ती फट दिसली आणि मला ते हसू आवडलं नाही.

पहिल्याच दिवशी पंचम लागला. मी भाजी चिरत होते, मला वाटलं कुणी पाहुणे आलेत. बाहेर येऊन बघते तर खुर्चीत हेच, पण मान डाव्या खांद्याकडे कललेली. मास्तर तसे बसायचे.

वाजवणं रोज सुधारत गेलं. शेजारी दारात उभे राहून ऐकायला लागले. माझा मात्र जिन्यात पाय उचलेना. वर गेल्यावर खुर्चीत कोण असेल, याची मला भीती वाटायची.

एका दुपारी मास्तरांची मुलगी आईची कवळी दुरुस्तीला घेऊन आली. आतून धून चालू होती. ती दारातच थांबली.

"काकू, आत कोण आहे?"

"तुझे काका. दुसरं कोण असणार?"

तेवढ्यात धून शेवटाकडे आली आणि तुटली. आतून खोकला ऐकू आला. पोरगी भिंतीला टेकली.

"बाबा शेवटी शेवटी इथेच थांबायचे," ती म्हणाली. "याच्या पुढे त्यांना दम पुरायचा नाही."

हे रोज तिथेच थांबत होते. खोकला मी मशीनच्या धुळीवर ढकलला होता.

ती गेल्यावर मी ह्यांच्यासमोर उभी राहिले. "कवळी काढा."

"आत्ता कुठे जमायला लागलंय. जन्म गेला माझा त्यात."

"धून शेवटपर्यंत वाजवून दाखवा. मग राहू द्या."

ह्यांनी वाजवली. त्याच जागी श्वास तुटला. पुन्हा वाजवली, पुन्हा तुटला, ओठ काळेनिळे पडले. मग स्वतःच कवळी काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली. ओली, कोमट.

"तिथे पोचलो की पुढे धूनच नसते," ते बोळक्या तोंडानं म्हणाले. "लग्नाआधीपासून वाजवतोय, पण पुढचं काही आठवतच नाही."

कवळी मी मास्तरांच्या साच्यावर ठेवून बघितली. टाळू ह्यांच्या मापाची होती, बसायला नको होती. बसली. दोन्ही फडक्यात बांधून मी त्या मुलीला नेऊन दिली. तिनं त्यांचं काय केलं, हे विचारायची मला हिंमत नाही.

आता ह्यांनी आमच्या लग्नाच्या फोटोत बघून स्वतःचे वेडेवाकडे दात बसवलेत. रोज सकाळी एकच सूर धरतात, दम संपेपर्यंत. दुसऱ्या दिवशी तोंड कडू करून रेकॉर्डिंग ऐकतात. धून फक्त सुट्टीच्या दिवशी.

"उतरला का?" विचारतात.

"उतरला. पण मागच्यापेक्षा कमी," मी सांगते, आणि उतरला म्हणून मला बरं वाटतं.

खोकला गेला. डॉक्टर म्हणतात, छाती साफ आहे. तरी धून त्या जागेपाशी आली की माझाच श्वास अडकतो. हे पुढचा सूर वाजवतात, मग मी श्वास सोडते.