धाकट्याच्या शेतातलं नत्र

चादर अर्धीच पिळून झाली होती, तेवढ्यात धाकटा भाऊ दारात येऊन उभा राहिला. मातीताईने काही न विचारता चादरीचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं.

मातीताई हे नाव काही देवाघरून आलेलं नव्हतं. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेसाठी ती शेतोशेत नमुने घेत फिरायची, म्हणून लोकांनी ते चिकटवलं. तिची शिस्त कडक. बांधाजवळची माती नको, झाडाखालची नको, खताच्या ढिगाजवळची तर नकोच. शेतभर नागमोडी चालायचं, जागोजागी माती काढायचं गिरमिट रोवायचं, सगळी माती बादलीत कालवायची आणि त्यातली थोडी पिशवीत भरायची. कोणी घरूनच पिशवी भरून आणली, तर ती त्याला दारातून परत पाठवायची. त्यात तिने सख्ख्या सासऱ्यांचीही गय केली नव्हती.

धाकट्याची पिशवी मात्र तिने ठेवून घेतली होती. लाडका भाऊ, त्यात बिचारा उन्हातून आलेला. देवाने माणसाला माया दिली ती अशी, की नियम शेजाऱ्यांपुरते उरतात.

अहवाल आला तो थाटात. नत्र भरपूर, युरियाची गरज नाही. धाकट्याचे पाय जमिनीला लागेनात. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पायरीवर बसून तो आपल्या मातीचं कौतुक सांगत सुटला. शेजारी युरियाचं पोतं वाहताना दिसला, की याला त्याची कीव यायची.

आता शेजाऱ्याचा गहू हिरवागार होता आणि याचा बुडापासून पिवळा पडत चालला होता. येत्या पाण्याबरोबर खत पडलं नाही तर पीक हातचं जाणार, हे त्यालाही कळत होतं. पण चारचौघांत पोतं उचलायचं कोणत्या तोंडाने? म्हणून चादर पिळता पिळता त्याने मागणं मांडलं: प्रयोगशाळेचं यंत्र बिघडलं होतं, असं ताईने दुकानावर येऊन एकदा सांगून टाकावं.

"माती कुठली घेतली होतीस रे?" ताईने विचारलं.

"शेतातलीच."

"शेतात कुठली?"

चादरीतून पाणी गळायचं थांबलं, तरी तो पिळतच राहिला.

"गोठ्यामागची. तिथली काळीभोर आहे ना. तुझ्या हापिसात द्यायची, म्हणजे काय कसलीही देऊ? तुझी लाज राखली मी."

"राखलीस हो. अख्ख्या शेताच्या नावावर उकिरडा तपासून आणला आपण."

आत तिच्या नवऱ्याला एकाएकी खोकला आला.

तिला राग तर आला, पण काढावा कोणावर? विचारलं असतं तर त्याने तेव्हाही अभिमानाने सांगितलं असतं. सकाळ-संध्याकाळ देवाकडे सद्बुद्धी मागणाऱ्या बाईने एक साधा प्रश्न मात्र विचारला नव्हता.

धाकट्याने तोड काढली, की अंधार पडल्यावर नमुना घेऊ. ताईने ऐकलं नाही. दिवसाउजेडी जायचं, तेही दुकानावरून. कोणी विचारलं तर माती गोठ्यामागची होती हे त्याने सांगायचं, आणि न विचारता घेतली हे ती सांगेल.

"आणि लोक हसले तर?"

"हसू देत. हसण्याने गहू पिवळा पडत नाही."

चादर दोरीवर टाकून तिने गिरमिट आणि बादली उचलली. पाणी सोडायच्या आत धाकट्याच्या सगळ्या शेतातून माती घ्यायची होती आणि आजच प्रयोगशाळेत पोचवायची होती.